बोटभर फट

गेल्या हंगामात, दिवाळी तोंडावर आली असताना, आसेगावजवळच्या एका खासगी धरमकाट्यावर सकाळी तोललेली सोयाबीनची ट्रॉली त्याच दिवशी दुसऱ्या काट्यावर एक क्विंटल तीस किलो जास्त भरली. ट्रॉली तीच, ट्रॅक्टर तोच, चालवणारा तोच. मध्ये कुठे माल चढला नव्हता की उतरला नव्हता. ट्रॉलीचे मालक देवराव दोन्ही चिठ्ठ्या घेऊन परत आले आणि त्यांनी त्या पहिल्या काट्याच्या खिडकीतून आत सरकवल्या. खिडकीत शेवंता राठोड बसली होती.

"बाई," देवराव म्हणाले, "यातली खरी कोनती?"

शेवंताने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. "दोन्हीवर शिक्का हाये, काका."

"म्हनूनच तर पुसून राह्यलो."

दुपारपर्यंत ही गोष्ट गावातल्या चहाच्या टपऱ्यांवर पोचली. संध्याकाळी काट्याचे मालक पारसभाऊ यांचा मला फोन आला.

मोठ्या काट्यांची जुळणी आणि दुरुस्ती हे माझं काम. त्याआधी काही वर्षं मी वाशीमहून एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. तिथे लागलेली सवय पुढे सुटली नाही: आधी काय घडलं ते लिहायचं, मग कोण काय म्हणालं ते, आणि आपल्याला काय वाटलं ते शक्यतो लिहायचंच नाही. काट्याच्या धंद्यात ही सवय उपयोगी पडते. काटा बिघडला की चार माणसं चार कारणं सांगतात आणि प्रत्येकाच्या कारणात एक माणूस असतो. यंत्राचं नाव कुणी घेत नाही.

ज्यांनी धरमकाटा फक्त रस्त्यावरून जाताना पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जमिनीत एक लांबट खड्डा असतो. खड्ड्यावर लोखंडाचा प्लॅटफॉर्म, ज्यावर ट्रक उभा राहतो. वरून पाहिलं तर तो जमिनीचाच भाग वाटतो, पण तो जमिनीला कुठेही टेकलेला नसतो. खाली ठरावीक जागी मुठीएवढे, फार तर वीतभर उंचीचे पोलादी ठोकळे असतात. त्यांना लोड सेल म्हणतात. सगळा प्लॅटफॉर्म, त्यावरचा ट्रक, ट्रकमधला माल, मालावर झोपलेला हमाल, हे सगळं या ठोकळ्यांवर उभं असतं.

पोलाद दबतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. पण दबतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं दबतं आणि भार गेला की पुन्हा होतं तसं होतं. ठोकळ्याच्या अंगाला केसाहून बारीक तार नागमोडी चिकटवलेली असते. पोलाद दबलं की तीही त्याच्याबरोबर ताणली किंवा आखडली जाते, आणि तिच्यातून वाहणारी वीज किंचित बदलते. हा बदल वायरमधून केबिनमधल्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथे लाल आकडा होऊन दिसतो. ट्रकचं वजन म्हणजे खरं तर पोलादाने अंग किती चोरलं याचा हिशेब. मी कित्येकदा खड्ड्यात उतरून वरून ट्रक जाताना त्या ठोकळ्यांकडे पाहत बसलो आहे. काहीच दिसत नाही. वर टनांचा भार येतो आणि जातो, आणि खाली अंधारात ते ठोकळे झोपल्यासारखे उभे असतात.

या सगळ्याला एकच अट आहे. प्लॅटफॉर्म ठोकळ्यांखेरीज दुसऱ्या कशालाही टेकता कामा नये. त्याच्या आणि भोवतीच्या भिंतीच्या मध्ये चहूबाजूंनी बोटभर फट लागते. त्या फटीवर सगळा धंदा उभा आहे. प्लॅटफॉर्म कुठे भिंतीला घासला तर थोडा भार भिंत घेते, आणि भिंतीला तार चिकटवलेली नसते. तेवढं वजन कुणालाच कळत नाही.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी काट्यावर पोचलो. पारसभाऊंचं दुकान मंगरूळपीरला. हा काटा आणि त्याला लागून असलेलं सोयाबीन खरेदीचं शेड त्यांनी घेतलं, त्याला काही वर्षं झाली होती. सकाळी मंदिर, मग दुकान, आणि जेवण झालं की काटा, असा त्यांचा क्रम. त्यामुळे सकाळचं काम शेवंताकडे आणि दुपारनंतरचं त्यांच्याकडे होतं. केबिनला लागून एक कडुलिंब आहे. मी गेलो तेव्हा पारसभाऊ खिडकीखाली उभे राहून खारींना सोयाबीनचे दाणे टाकत होते. खारी प्लॅटफॉर्मवर येत, दाणा दोन हातांत धरून खात, आणि पळत. इंडिकेटरवर शून्य होतं. खारीचं वजन धरमकाट्याला कळत नाही.

मी माझ्या गाडीतून प्रमाणित वजनं उतरवली. बिडाची, वीस-वीस किलोची, शासनाचा शिक्का असलेली. आधी ती एका कोपऱ्यावर रचून आकडा पाहायचा, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. सगळ्या कोपऱ्यांवर आकडा सारखा आला पाहिजे. मग भरलेला ट्रक पुढे, मध्ये आणि मागे उभा करून पाहायचं. शेवटी एक जुनी पद्धत: प्लॅटफॉर्मवर उभं राहून टाचेने जोरात ढकलायचं. मोकळा प्लॅटफॉर्म नावेसारखा किंचित झुलतो आणि परत जागेवर येतो. हे सगळं केलं. कोपऱ्यांवरच्या फटींत सळई घालून पाहिली, ती आरपार गेली. बाकी फटीवर कुटाराचा, म्हणजे मळणीतल्या भुशाचा, आणि धुळीचा थर होता, हंगामात प्रत्येक काट्यावर असतो. झाडून घ्यायला सांगितलं. प्लॅटफॉर्म झुलत होता. काटा बरोबर होता, आणि मी तसं सांगितलं.

देवराव तिथेच होते. आणखी पाच-सात जण होते.

"दुपारी खरा, सकाळी खोटा," देवराव म्हणाले. "काटा तोच. मंग बदलते काय?"

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. शेवंता आत उभी होती.

मग बोलणं सुरू झालं. सकाळी आलेल्या आणखी दोघांनाही माल कमी भरल्याचा संशय होता. दुपारी आलेल्यांची तक्रार नव्हती. एकाने मागून सांगितलं की कमी दाखवलेला माल बाई आपल्या तांड्यातल्या कुणाच्या तरी नावावर चढवत असणार. कुणाच्या, हे त्याला माहीत नव्हतं. ऐकलं होतं, म्हणाला.

शेवंता मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरची. लहानपणी दर हिवाळ्यात ती आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. शाळा कधी तांड्यावर, कधी फडात, कधी कुठेच नाही. पुढे मानोऱ्यात कॉम्प्युटर शिकली आणि या काट्यावर लागली. नवरा प्रकाश ट्रकवर ड्रायव्हर आहे. दिवाळीच्या सुमारास तो तांड्यावरची माणसं पश्चिमेकडे कारखान्यांवर नेऊन सोडतो आणि हंगामभर तिकडेच ऊस वाहतो. लग्नानंतर ती या गाडीत बसली नव्हती. काट्याचं काम होतं म्हणून ती राहत होती. काम गेलं तर तिला कोयता घेऊन त्याच ट्रकमध्ये चढावं लागणार होतं. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पारसभाऊंनी हातातले उरलेले दाणे खिशात टाकले. "शेवंता, मले तुह्यावर शक नाई," ते म्हणाले. "पन लोकायले मी काय सांगू?"

"शक नाई तं तेच सांगा."

"हंगाम हाये बाई. शेड रिकामं राह्यलं तं मले चालन काय? सध्या दोन्ही टैम मीच बसतो."

"म्हंजे मी जाऊ?"

"परवापासून. सध्या तरी."

मी वजनं गाडीत भरत होतो तेव्हा ती बाहेर आली.

"साहेब, तुमी दुपारी आले."

"काटा बरोबर आहे."

"दुपारी बरोबर हाये. सकाळी पाहून द्या एकदा."

मी तिला सांगितलं की लोड सेलला ऊन-थंडी लागते, पण त्याचा हिशेब कारखान्यातच करून ठेवलेला असतो; सकाळ-दुपारने क्विंटलभर फरक पडत नाही. तिने ऐकून घेतलं.

"मी काई म्हनत नाई," ती म्हणाली. "फकस्त सकाळी या. परवा आमची गाडी जाते. इथूनच जाते, काट्यावरून. तिच्या आधी या म्हंजे झालं."

मी येतो म्हणालो.

मधल्या दिवशी मला इंझोरीला दुसरं काम होतं. तिथून परतताना गाडीत जुन्या गोष्टी आठवत राहिल्या. काट्याच्या धंद्यात माणूस बराच वेळ रस्त्यावर असतो, आणि आपल्या जिल्ह्यातले रस्ते असे आहेत की बराच वेळ काहीच येत नाही. कापलेली शेतं, गंजी, मळणी यंत्राभोवतीचा धुराळा, त्यात अर्धवट दिसणारी माणसं.

एक मास्तर आठवले. निवृत्त झालेले, कारंजाकडचे. दर महिन्याला ते गावातल्या धरमकाट्यावर यायचे आणि स्वतःला तोलून घ्यायचे. डॉक्टरकडच्या काट्यावर त्यांचं वजन दर वेळी थोडं कमी भरत होतं. मोठा काटा दहा-दहाच्या पायऱ्यांनी मोजतो. पन्नास, मग एकदम साठ. छप्पन्न किलोच्या माणसाला तो साठ म्हणतो आणि चौसष्टच्या माणसालाही साठच. मास्तर चौसष्टवरून उतरत गेले आणि काटा प्रत्येक महिन्यात साठ म्हणत राहिला. मी त्यांना पायऱ्यांचा हिशेब समजावून सांगितला. ते हसले. म्हणाले, "मी गणितच शिकवत होतो, बाप्पा. मले मालूम हाये. पन याचं बोलनं बरं वाटते." पुढे ते यायचे थांबले. शेवटच्या वेळी काटा काय म्हणाला ते मी विचारलं नाही.

आणि तांड्यांचे ट्रक आठवले. ऊसतोडीला निघताना ड्रायव्हर गाडी काट्यावर घेतात, भार किती झाला ते पाहायला. गाडीत माणसं, पोरं, भांडी, बाजा, कोंबड्या, एखादी शेळी. सगळ्यांनी स्तब्ध बसायचं असतं, नाहीतर आकडा हलत राहतो. ड्रायव्हर ओरडतो आणि क्षणभर एक अख्खा तांडा श्वास धरून बसतो. शेळीसुद्धा. मग आकडा थांबतो आणि आतून कुणीतरी विचारतं, "किती भरलो आमी?" एकदा मानोऱ्याच्या काट्यावर मी तो आकडा ओरडून सांगितला होता. वरून एक म्हातारी म्हणाली, "येतानी कमी भरू, ध्यानात ठेव." सगळा ट्रक हसला. मी ध्यानात ठेवला नाही.

ठरलेल्या दिवशी मी उजाडताना पोचलो. रात्रभर दव पडलं होतं. धुकं शेतातून उठून रस्त्यावर आलं होतं आणि रस्ता दिसत नव्हता, फक्त रस्त्याच्या कडेला लागलेल्या ट्रॅक्टरांचे दिवे दिसत होते, एकामागे एक, पिवळे, मधूनच विझल्यासारखे. ओल्या कुटाराचा वास होता. कडुलिंबावरून पाणी ठिबकत होतं. प्लॅटफॉर्म ओला झाला होता आणि धुक्यात त्याच्या कडा दिसत नव्हत्या. एखादं तळं गोठून राहावं तसा तो दिसत होता.

एवढ्या पत्र्यावर रात्रभर पडलेल्या दवाचं वजन काही किलो तरी भरतं. पण सकाळी इंडिकेटरवर शून्यच दिसतं. यालाही कारण आहे. यंत्राला सांगून ठेवलेलं असतं की जे हळूहळू येईल ते वजन धरू नकोस. धूळ, चिखल, दव, वाऱ्याने आलेलं कुटार. ते रात्रभर थेंबाथेंबाने येतं आणि यंत्र थेंबाथेंबाने आपलं शून्य वर सरकवत राहतं. जे एकदम येतं तेच त्याला वजन वाटतं. ही सोय नसती तर एकही काटा सकाळी शून्यावर सापडला नसता. ऊन आलं की दव उडतं, आणि शून्य तितक्याच सावकाश खाली येतं. दिवसरात्र हे चालू असतं आणि कुणाला दिसत नाही.

शेवंता केबिनबाहेर उभी होती. दाराशी तिची वळकटी आणि एक पिशवी होती. कोयता वळकटीत खोचलेला होता.

"आता तुमीच बसा खिडकीत," ती म्हणाली. "मी हात लावत नाई."

रांगेत पहिला ट्रॅक्टर देवरावांचा होता. त्यांनी मफलर कानाभोवती गुंडाळलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी भरलेली ट्रॉली दुसऱ्या काट्यावर तोलून आणली होती आणि रात्रभर तिच्यावर ताडपत्री घालून स्वतः तिच्याखाली झोपले होते.

"आकडा माह्या खिशात हाये," ते मला म्हणाले. "आधी तुमचा सांगा."

त्यांनी ट्रॅक्टर वर घेतला. बंद केला, उतरून बाजूला उभे राहिले. खिडकीत मी होतो. लाल आकडा वर चढला, थोडा घुटमळला आणि थांबला. मी तो सांगितला.

देवरावांनी खिशातली चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. माझा आकडा तिच्यावरच्यापेक्षा कमी होता. या वेळी फरक सव्वा क्विंटलच्या आसपास होता.

"आता बाई भाईर हाये अन् साहेब आत हाये," देवराव रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता साहेबाचा तांडा कोनता ते पाहा लागन."

दोघं-तिघं हसले. शेवंता हसली नाही. ती प्लॅटफॉर्मकडे पाहत होती.

मी बाहेर आलो. ट्रॉली वर तशीच ठेवली. प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून टाचेने ढकललं. तो झुलला नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन ढकललं. झुलला नाही. जमिनीवर उभं राहावं तसं वाटलं. परवा दुपारी जो नावेसारखा होता तो आता काठाला बांधल्यासारखा होता.

सळई घेऊन फट पाहत निघालो. कोपरे मोकळे होते, पुढची-मागची बाजू मोकळी होती. केबिनच्या बाजूने, बरोबर खिडकीखाली, पारसभाऊ दाणे टाकतात तिथे, सळई आत गेली नाही. वरचं ओलं कुटार बाजूला केलं. खाली डांबर होतं. थंडीने दगडासारखं झालेलं.

देवरावांनी ट्रॉलीवरून विळा आणून दिला. डांबराचा पापुद्रा कापल्यावर पिळून ठासलेलं गोणपाट लागलं. गोणपाटात, त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये, सोयाबीन होतं, खारींना टाकलेल्यातलं, डांबराच्या कडेने आत उतरलेलं. आपल्याकडे कुणालाही सांगायला नको की सोयाबीनचा दाणा पाणी प्यायला की किती फुगतो. भांडं गच्च भरून भिजत घातलं तर झाकण उचलतो. रात्रभर दव पिऊन ते दाणे फुगले होते आणि पाचरीसारखे बसले होते. थोडे पांढरे पडले होते. काहींना मोड आले होते, फिकट, दोऱ्यासारखे, आणि ते सगळे वर, उजेडाच्या रेघेकडे वळलेले होते. दुपारी ऊन तापलं की डांबर मऊ पडत होतं, दाणे आक्रसत होते, प्लॅटफॉर्म सुटा होत होता. सकाळी तो पुन्हा भिंतीला धरून ठेवत होता. भरलेल्या ट्रॉलीचा थोडा भार रोज सकाळी भिंत घेत होती.

मी गोणपाट ओढत होतो. देवराव दुसरं टोक ओढत होते. ते सुटलं तेव्हा प्लॅटफॉर्ममधून एक आवाज आला, आडात कुणी खडा टाकावा तसा. प्लॅटफॉर्म हलला.

"साहेब," शेवंता म्हणाली.

ती खिडकीतून बाहेरच्या बाजूने आत पाहत होती. केबिनमध्ये कुणी नव्हतं. लाल आकडा वर सरकत होता. ट्रॉली जागची हलली नव्हती, कुणी काही चढवलं नव्हतं, आणि आकडा दहा-दहाने चढत होता. तिच्या चेहऱ्यावर तो लाल उजेड पडला होता. मग तो थांबला.

देवरावांच्या चिठ्ठीपेक्षा तो दहा किलोने जास्त होता. ते दहा किलो ताडपत्रीवरच्या दवाचे असू शकतात. खात्रीने सांगता येत नाही.

पारसभाऊ तेवढ्यात आले. कपाळावर केशराचा टिळा होता, मंदिरातून थेट आले होते. त्यांनी आधी ट्रॉली पाहिली, मग आमच्या हातातलं गोणपाट पाहिलं आणि ते स्कूटरवरून न उतरताच थांबले.

"हे भरायले मीच सांगतलं होतं," ते म्हणाले.

कुणी विचारलं नव्हतं. रांगेतली माणसं जवळ आली होती.

"पावसाळ्यात खारीचं पिलू गेलं त्या फटीत. वरतून गाडी आली. मी त्या दिवशी जेवलो नाई." त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली. "मिस्त्रीले म्हनलं, एवढी जागा बुजवून टाक. बाकी फट सोड, काट्याले लागते. एवढीच बुजव. वीतभर."

"वीतभरानं काय होते म्हना," देवराव म्हणाले.

"मले वाटलं नाई."

"खारीचं पुन्य तुमाले, अन् पाप बाईच्या नावावर."

खाली बसून पारसभाऊंनी मोड आलेले दाणे एकेक करून गोणपाटातून वेचले आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवले. मग हात झटकून ते रांगेकडे वळले. "सकाळच्या टैमाले ज्याची ज्याची कमी भरली त्यायले निरोप धाडा. सारे हिशेब फिरून करू. ते माह्याकडं लागले." शेवंताकडे पाहून ते म्हणाले, "बस."

"आधी फट साफ होऊ द्या," शेवंता म्हणाली. "साहेब, सारी पाहून घ्या. मंग बसतो."

ती स्वतः सळई घेऊन माझ्याबरोबर फिरली. चहूबाजूंनी सळई आरपार गेल्यावर देवरावांनी ट्रॅक्टर खाली घेतला आणि आम्ही वजनं पुन्हा लावली, सगळ्या कोपऱ्यांवर. बरोबर आली. खारींसाठी मी पारसभाऊंना रबराची पट्टी सांगितली; ती भिंतीच्या बाजूला ठोकायची आणि प्लॅटफॉर्मला टेकू द्यायची नाही. त्यांनी दोनदा विचारून घेतलं की टेकणार नाही ना. ती पट्टी पुढे बसवली, मी पाहिली आहे.

धुकं विरळ होत होतं तेव्हा ट्रक आला. आधी हॉर्न ऐकू आला, मग दिवे दिसले, मग वरची माणसं, घोंगड्या पांघरून बसलेली, अर्धी झोपेत. रांगेतल्यांनी त्याला वाट दिली. प्रकाशने ट्रक प्लॅटफॉर्मवर चढवला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वळकटी कुठं हाये तुही?"

शेवंता केबिनमध्ये होती. "आधी गाडी पुढं घे जराशी," ती म्हणाली. "मागचं चाक भाईर हाये."

त्याने गाडी पुढे घेतली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पारसभाऊंकडे, मग माझ्या पायाशी पडलेल्या गोणपाटाकडे. "सापडलं काय?"

"सापडलं."

ट्रकवरून एक म्हातारी पुढे झुकली. "चढ ना वं. तुही जागा धरून ठेवली मी."

"पाय पसरा त्या जागेवर, मामी," शेवंता म्हणाली. "हलू नका आता कोनी. आकडा थांबू द्या."

ट्रक स्तब्ध झाला. एक कोंबडी मध्येच ओरडली आणि कुणीतरी तिचं तोंड झाकलं. आकडा घुटमळला, थांबला. तिने चिठ्ठी काढून खिडकीतून प्रकाशच्या हातात दिली. त्याने ती वाचली, घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि गाडी सुरू केली.

ट्रक प्लॅटफॉर्मवरून उतरला आणि पश्चिमेकडे गेला. प्लॅटफॉर्म थोडा झुलला. आकडा शून्यावर आला. वळकटी केबिनच्या दाराशीच होती. शेवंताने खिडकीतून हात बाहेर काढला आणि पुढच्या ट्रॅक्टरला वर यायची खूण केली.